विहीणबाईंचा दोर

आमच्या विहीणबाईंनी आयुष्यात कोणाची खोटी स्तुती केली नाही, आणि खरी करायची वेळ आली की त्यांना खोकला यायचा. मी साताऱ्याहून डबाभर अनारसे नेले होते. एक खाऊन त्या म्हणाल्या, "एवढी मेहनत, आणि शेवटी बिस्किटच." आमचं बोलणं दोघींच्या मोडक्या इंग्रजीत चालायचं. डच भाषेत अहो-जाहो आहे म्हणतात; त्यांनी ते कधी माझ्यावर खर्च केलं नाही, म्हणून त्यांच्या तोंडी मी 'तू'च घालते आहे.

मी तेव्हा तरुण होते, जेमतेम साठीची, आणि मुख्य म्हणजे वरमाई होते. मुलगा नेदरलँड्सला, फेल्डहोवनमध्ये इंजिनियर, सून तिकडचीच. मुलीच्या आईने आपला मान करावा, साडी द्यावी, निदान दोन शब्द गोड बोलावेत, अशी माझी अपेक्षा. नात शाळेत जायला लागली तरी ही बया मानाची वाट बघतेच आहे! शेवटी एका हिवाळ्यात विहीणबाईंनी खरंच आहेर केला. चामड्याचे हातमोजे. "घाल. दोर हात सोलतो," म्हणाल्या.

विहीण ही हाक दोघींनी एकमेकींना मारायची असते, हे कळल्यापासून त्याही मला 'फिहीनबाय' म्हणत.

दोराचं प्रकरण असं. नेदरलँड्स म्हणजे पोळपाट. चढ म्हणून जो काही आहे तो दक्षिणेच्या टोकाला, लिम्बर्गमध्ये, आणि विहीणबाईंचं घर अशाच एका चढाच्या पायथ्याशी. जन्मभर शाळेत मुलांना कसरती शिकवलेली ही बाई दर हिवाळ्यात ऑस्ट्रियाला स्कीइंगला जायची. मग हातांतली शक्ती जायला लागली. डॉक्टर म्हणाले, आधी बोटं, मग बाकीचं. दूरचे प्रवास बंद. नातीबरोबर एकदा बर्फावरून उतरायचं तेवढं राहिलं होतं. चढून जाण्याचं बळ नाही, म्हणून घरामागे लिफ्टच बांधणार, असं त्यांनी कॉफी ढवळत सांगितलं. मी डोळे पुसायला लागले. त्या म्हणाल्या, "रडून झालं की तो पाना दे."

लिफ्ट म्हणजे पाळण्यात बसून जायची ऐट नव्हे. खाली गोठ्यातली जुनी मोटर, तिला पट्ट्याने जोडलेली टायर काढलेली गाडीची रिम. वर अक्रोडाच्या झाडाला बांधलेली दुसरी रिम. दोन्हींवरून अंगठ्याएवढा जाड दोर, टोकाला टोक जोडलेला, एका बाजूने वर जाणारा, दुसरीने खाली येणारा. पायात स्की घालून चढता दोर धरायचा, तो ओढून नेतो. वर पोचलं की सोडायचा. न सोडणाऱ्यासाठी झाडाच्या अलीकडे आडवी सुतळी. तिला धक्का लागला की मोटर बंद. तिला त्या 'मूर्खांची दोरी' म्हणायच्या.

असा दोर जोडायला गाठ चालत नाही, चाकावर अडते. पीळ उकलून पेड एकमेकांत विणावे लागतात. त्यांची बोटं वळेनात. वेण्या घालण्यात माझा हातखंडा आहे, असं मी मोठ्या तोंडाने सांगितलं. माझी वीण बघून त्यांनी सगळी उसवायला लावली. "ही वेणी लग्नाला निघालीय. मला माणूस ओढणारी हवी." पुन्हा विणली, पुन्हा उसवली. शेवटी एकदा त्यांनी सांध्यावरून तळवा फिरवला आणि खोकल्या.

दोर तयार झाला आणि बर्फ पडेना. अख्खा हिवाळा आम्ही पावसात रिकामी लिफ्ट फिरवली. कुंपणावरून शेजारी विचारायचे, काय वर नेताय? त्या म्हणायच्या, चिखल. पुढचा हिवाळा येईतो त्या कपसुद्धा दोन्ही तळव्यांत दाबून धरायला लागल्या होत्या.

जानेवारीत एका सकाळी चढ पांढरा झाला. आधी नात. दोर धरायची रीत उलटी असते: सुरुवातीला सैल, हातातून सरकू द्यायचा, मग हळूहळू आवळायचा. विहीणबाईंनी तिला नीट शिकवलं. आणि मागून मी ओरडले, "घट्ट धर गं, सोडू नकोस!" माझ्या मराठीला कायम डचमध्ये उत्तर देणाऱ्या पोरीने नेमकं तेव्हा ऐकलं. दोराने हिसका दिला, ती तोंडावर आपटली, नाकातून रक्त. मी धावले. विहीणबाई जागच्या हलल्या नाहीत. "पोरीला मराठी समजतं, हे तिचं दुर्दैव." त्या दिवसापासून 'घट्ट धर' हे माझ्यासाठी राखीव झालं. मी सुपाचा वाडगा उचलला की टेबलापलीकडून विहीणबाईंचं हटकून ऐकू यायचं, तेही मराठीतच.

नाकात कापूस घालून नात पुन्हा निघाली. वर पोचताच विहीणबाई खालून ओरडल्या, "लोस!" म्हणजे सोड. तिने सोडला.

मग त्या स्वतः उभ्या राहिल्या. बोटं मिटेनात. दोर तळव्यांतून नुसता वाहत राहिला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. मी त्यांच्या हातांवर माझे हात आवळले आणि गमबूट घालून शेजारून चालू लागले. दोर त्यांना ओढतोय, त्या मला ओढताहेत. मानाची वाट बघणारी वरमाई विहिणीचा हातमोजा होऊन धापा टाकत चढते आहे. वर नात ओरडतेय 'लोस', विहीणबाई ओरडताहेत 'लोस', आणि मी सोडलंच नाही. दोघी मूर्खांच्या दोरीवर आदळलो. मोटर थांबली.

"ही कोणासाठी बांधली ते आज कळलं," त्या म्हणाल्या.

उतरायला बोटं लागत नाहीत. नात पुढे, त्या मागे, थेट कुंपणापर्यंत. एकदाच. संध्याकाळी पुन्हा चिखल. पण खाली पोचल्यावर त्या कितीतरी वेळ पाठमोऱ्या उभ्या राहून खोकत होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या, घरीच. शेवटच्या दिवशी मी त्यांचा हात हातात घेऊन बसले होते, सैल, त्यांनी दोर धरायला शिकवलं तसा. त्यांनी डोळे उघडले.

"घट्ट धर," म्हणाल्या.

त्यांना तेवढंच मराठी येत होतं, तेही माझी टर उडवण्यापुरतं. आता टर होती की काय होतं, विचारायची सोय नव्हती. मी घट्ट धरला. किती वेळ, ठाऊक नाही. सगळे बाहेर गेले तरी मी बसूनच होते. मग नात आली. तिने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि नेहमीसारखी डचमध्येच म्हणाली, "लोस, आजी."