जंतूला उपाशी मारायचा बेत

बायको गेली आणि चार महिन्यांत मला टीबी निघाला. खोकला आधीपासून होता, पण ती होती तोवर सगळे त्याला तंबाखूचा म्हणत. शेवटी सुनेने धरून पालघरला नेलं.

तिथली डॉक्टरीण नातीच्या वयाची. तिने नीट समजावलं. "आजोबा, अंगात राखणदार पेशी असतात. जंतू दिसला की गिळतात. टीबीचा जंतू गिळला जातो, पण पचत नाही. तो पेशीच्या आतच मुक्काम ठोकतो आणि तिथली चरबी खातो."

"म्हणजे चोर पोलिसाच्याच घरी जेवायला."

"तसंच," ती हसली. पुढे गोळ्या, अंडी, मासे असं बरंच बोलली. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यामुळे मी चरबीपाशीच थांबलो. घरी, सातपाटीला परतायच्या रिक्षात बसेपर्यंत बेत ठरला. गोळ्या घ्यायच्या, पण अंगात चरबीच जाऊ द्यायची नाही. मासे बंद, तेल बंद. नुसती पेज आणि कोरा चहा. जेवायला मिळालं नाही की कुठला पाहुणा टिकतो?

खरं सांगतो, बायको गेल्यापासून मला ताटावर बसवतच नव्हतं. पण घास उतरत नाही म्हटलं की लोक जवळ सरकतात, पाठीवरून हात फिरवतात. टीबीच्या जंतूला मारतोय म्हटलं की लांब बसतात. मला ते बरं वाटलं.

महिन्याने नर्सबाईंनी वजनकाट्यावर उभं केलं.

"तीन किलो उतरलात! गोळ्या खाताय की कोंबड्यांना घालताय?"

"खातोय. गोळ्यांनी लघवी केशरी होते, दाखवू?"

"नको! आणि जेवण?"

"बंद. जंतू उपाशी मरतोय."

"तो कसला मरतोय, आधी तुम्ही जाल."

"मग तोही जाईल," मी म्हटलं. बाईंनी वजन वहीत लिहिलं. शेजारी सून उभी होती, तिनेही ते ऐकलं.

घरी आल्यावर ती मासळी निवडायला बसली. बाजाराला न्यायच्या पाटीतून तिने एक मासा उचलला, तोंड फाकवलं आणि माझ्यापुढे धरला. आत जिभेवर पांढरा किडा बसलेला. असे किडे आम्हाला नवे नाहीत.

"बाबा, ह्यो मासा बघा. वाळून नुसतं डोकं उरलंय. आता किडा बघा."

किडा चांगला टम्म होता.

"मासा वाळला, किडा वाळला काय? तो त्याचा वाटा आधी घेतो. उरंल त्यावर मासा जगतो. आन तुमचं मला काय कळत नाय असं समजू नका. आई गेल्या, तवापासून तुमाला पन जायचंय. जंतूचं नाव कशाला सांगता?"

पन्नास वर्षं दर्यावर काढली. असे किती किडे बोटीवरून फेकले असतील, पण एकही उपाशी पाहिला नव्हता. आणि तिची दुसरी गोष्टही खरीच होती.

"वाढ," मी म्हटलं.

तिने भाकरी आणि बोंबलाचं कालवण वाढलं. पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी आलं. दुसरा घास घेतला, तरी थांबेना.

"तिखट झालं काय, बाबा?"

"झालं," मी म्हटलं.

कालवण मिळमिळीत होतं. अजून एक भाकरी मागून घेतली.