नुसते पिसणे

माझा थोरला भाऊ पत्ते खेळत नसे, नुसते पिसायचा. अमरावतीच्या आमच्या घरात हा फरक समजून घेण्याची तसदी कोणी घेतली नाही. उजव्या हातातून सुटलेली पाने धारेसारखी डाव्या हातात उतरत. एका हाताने तो पानांचा पंखा उघडी, मिटवी आणि पुन्हा उघडी. त्यात जादू नव्हती, जुगारही नव्हता. ते फक्त पाहण्यासारखे होते आणि तेवढाच त्याचा दोष होता.

महाराष्ट्र झाला त्या वर्षी, मॅट्रिकनंतर, यावरच पोट भरणार असे त्याने बाबांना सांगितले.

"गवयाले लोक आयकतात. तुले काय करतीन?"

"पाहतीन."

"मंग एकदा दाखव. लोक शेवटपर्यंत बसले तं जाय कुठं जायचं थे. नाई तं अकोटच्या कापसाच्या जिनात कारकुनी."

अकोल्याला मावशीच्या गल्लीतल्या गणपतीत त्याला भजन आणि आरती यांच्यामधली वेळ मिळाली. आमच्याकडे पिसून झाले की शेजारच्याने कॅट कापायचा असतो, म्हणजे लबाडीची शंका उरत नाही. ही सभ्यता आमच्या लोकांच्या हाडात मुरलेली. भावाने पंखा उघडला आणि मंडप गप्प झाला. पानांची धार सुटली, संपली. टाळी पडणार, एवढ्यात पुढच्या रांगेतले एक काका धोतर सावरत मंचावर चढले आणि अत्यंत सौजन्याने त्यांनी कॅट कापला.

"झालं ना बाप्पा पिसून? वाट आता."

"काका, मी वाटत नाई."

"मंग पिसून काहून राहिला?"

कलेच्या प्रयोजनाविषयी मी पुढे बरेच वाचले. इतका थेट प्रश्न कुठे सापडला नाही.

तोवर दोन भिडू वर येऊन बसले होते. भावाने बाबांकडे पाहिले. बाबा मंडपाच्या झालरी पाहत होते. मग त्याने पाने वाटली. मेंढीकोटाचा डाव चांगलाच रंगला आणि लोक अगदी शेवटपर्यंत बसले.

"बसले ना लोक?" परतताना भाऊ म्हणाला.

"डावासाठी बसले," बाबा म्हणाले. न्यायात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते.

भाऊ अकोटला गेला. पुढे नात्यातल्या प्रत्येक लग्नात जानोशावर, वऱ्हाड उतरे तिथे, त्याला मानाने बोलावणे येई, पिसायला. पिसून झाले की सगळे त्याला जरा सरकून बसायला सांगत.

गेल्या महिन्यात, पन्नाशीच्या आतच, तो गेला. तेरवीचे जेवण झाल्यावर पाहुण्यांनी सवयीने सतरंजीवर कॅट काढला. एका चुलत्यांनी पिसायला घेतला आणि पाने त्यांच्या मांडीवर सांडली.

"त्याचा हात काय होता राजा," अकोल्याचे तेच काका म्हणाले, "नुसतं पायत राहावं."

बाबांनी वाकून पाने गोळा केली आणि स्वतः पिसायला घेतली. पाने अडकत होती. ते पिसतच राहिले. कापायला कोणी हात पुढे केला नाही. वाटा असेही कोणी म्हणाले नाही.