बालिष्टरांचा समुद्र

आमच्या बालिष्टरसाहेबांना पूर्ण हाक मारणं कुणालाच कधी जमलं नाही. ‘साहे’ एवढं तोंडातून निघतंय तोच आतून ‘ओ’ यायचा. अंगाला साबण असो, तोंडात पानाचा तोबरा असो, कशाचा मुलाहिजा नाही. बुलढाण्याच्या कोर्टात चपराशी दारात उभा राहून पक्षकारांचा पुकारा करी, तर भलत्याच्याच खटल्यात हे खुर्चीतून ‘ओ’ देऊन मोकळे व्हायचे. एक नवा मुन्सफ यावरून चिडला. साहेबांनी उठून फर्ड्या इंग्रजीत माफी मागितली आणि पुढच्याच पुकाऱ्याला परत ‘ओ’ ठोकला. सगळं कोर्ट हसलं. मीही हसलो, तेव्हा मी त्यांच्या हाताखाली नुकता वकिली शिकायला लागलो होतो.

पण कधीकधी कुणी हाक मारलेली नसतानाही ते ओ द्यायचे. कागद वाचता वाचता मान वर करायची, खिडकीबाहेर पाहायचं आणि अगदी स्पष्ट, कामकाजाच्या आवाजात म्हणायचं, ‘ओ. हाये मी अठी.’ मग पुन्हा कागदात डोकं. त्यांची विधवा बहीण अक्का त्यांचं घर पाहायची. ती स्वयंपाकघरातून ऐके आणि हातातलं काम क्षणभर थांबवी. तिला विचारायचं धाडस मला पुष्कळ दिवस झालं नाही.

साहेब मूळचे बुलढाण्याजवळच्या धाड गावचे. घरची जमीन बरी होती. पहिलं महायुद्ध संपल्यावर बापानं विलायतेला पाठवलं, तिथून बॅरिस्टर होऊन आले आणि मुंबई-नागपूर सोडून बुलढाण्यातच राहिले. कोर्टात सूटबूट आणि इंग्रजी, घरी धोतर आणि शुद्ध वऱ्हाडी. ‘इंग्रजी पोट भराले, वऱ्हाडी पोटातलं बोलाले,’ असं म्हणायचे. अशिलाला खोटं बोलायला मात्र कधी शिकवलं नाही. ‘खोटं पचवाले लय मोठं पोट लागते बे वकील,’ म्हणायचे. मला ते नावानं कधी बोलवत नसत, ‘वकील’च म्हणत, आणि त्यात थट्टा किती आणि माया किती हे मला शेवटपर्यंत वेगळं करता आलं नाही.

त्यांना नाद एकच, गोल्फचा. लहानसा पांढरा चेंडू लांब काठीनं टोलवत टोलवत जमिनीतल्या खळीत घालायचा, मग पुढच्या खळीकडे चालू लागायचं. अशा अठरा खळ्या. गावाबाहेर, जिथं पठार संपून घाट खाली उतरतो, तिथल्या मुरमाड माळावर त्यांनी स्वतःच्या हातांनी खळ्या खणल्या होत्या. प्रत्येकीत एक रिकामा डबा पुरलेला, शेजारी जुन्या धोतराचं निशाण. बायाबापड्या म्हणायच्या, ‘बालिष्टर घुशीचे बिळं मोजून राह्यले.’ गावातले गोरे साहेबसुद्धा टेनिसच खेळत. त्यांनाही हा मनुष्य विक्षिप्तच वाटे.

मला त्यांनी काठी धरायला शिकवली आणि रोज संध्याकाळी बरोबर न्यायला लागले. मग कळलं की त्या खळ्या वाटेल तशा खणलेल्या नाहीत. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर एक फार जुनं मैदान आहे, तिथं लोक कित्येक पिढ्या खेळत आलेत. साहेब तिथं पाहुणे म्हणून एकदाच खेळले होते. त्या मैदानाची प्रत्येक खळी, तितक्याच पावलांवर, त्याच दिशेला त्यांनी आमच्या माळावर उतरवली होती. तिथल्या पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपांऐवजी इथं तरवड होता, वाळूच्या टेकाडांऐवजी मुरमाची होती. ‘अन् हा समुंदर,’ असं म्हणून ते घाटाच्या कड्याकडे बोट दाखवत. कड्याखाली पायनघाटाच्या सपाटीवरची पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, शेतं दिसायची. तरी त्यांनी बोट दाखवलं की मी नकळत एक पाऊल मागं सरायचो.

एकदा अकराव्या खळीशी माझा चेंडू कड्याखाली गेला. पाचसहा हातांवर, गवतात स्पष्ट दिसत होता. मी उतरायला लागलो. साहेबांनी माझा दंड असा धरला की दोन दिवस बोटांचे वळ राहिले.

‘पान्यातल्या चेंडूमांगं जायाचं नसते,’ ते म्हणाले.

मी म्हटलं, ‘साहेब, पाणी कुठं आहे?’

ते तिथंच एका दगडावर बसले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मग त्यांनी मला सगळं सांगितलं.

‘सुट्टीत एकटाच गेल्तो त्या गावाले. पाहुन्याले एकट्यानं खेळू देत नव्हते, म्हून एक म्हातारा शाळामास्तर माह्या जोडीले देला. लय भला मानूस. त्याले माहं नाव येयेना. कोठला तू म्हने. मी म्हनलं, बेरार. झालं, मंग दिवसभर बेरार, बेरार. अकराव्या खळीशी त्याचा चेंडू टेकाडाखाली खाडीकडं गेला. थो पाह्याले उतरला, अन् धुई आली. अशी आली का माह्या हातातली काठी मले दिसेना. मंग खालून हाक आली. बेरार!’

मी वरवट बकालचा, म्हणजे त्याच मुलखातला. पुढं काय झालं असेल ते मला न सांगताच कळलं, कारण आमच्या घरीही हेच शिकवलेलं. दिवेलागणीला किंवा धुईत कुणी हाक मारली तर पहिल्या दोन हाकांना ओ द्यायचा नाही. जिवंत माणूस तिसरी हाक मारतोच. भुताला तिसरी मारता येत नाही. आमच्याकडचं दूधपितं लेकरूदेखील हे आईच्या मांडीवर शिकतं.

‘मी धाडचा पोरगा,’ साहेब म्हणाले. ‘गप उभा राह्यलो. दुसरी आली. तवाही गप. म्हनलं, तिसरी येऊ दे. थे आलीच नाही. खाडीत भरती आल्ती. दुसऱ्या दिवशी सापडला. पोलिसानं इचारलं, हाक आयकू आल्ती का? म्या म्हनलं, नाही.’

मी काहीतरी समजुतीचं बोललो. धुक्यात तुम्ही तरी काय करणार होता, असंच काहीतरी.

‘ओ म्हनाले किती येळ लागते बे?’ ते म्हणाले. ‘अजून दोन हाका येतात मले. येतात अन् थांबतात. वीस वर्सं झाले वकील, मी तिसरीकडं कान लावून बसलो.’

मी हे मनाचे खेळ समजलो असतो. वकिलाला तसं समजणं सोयीचंही असतं. पण भादव्यातल्या एका संध्याकाळी आम्ही अकराव्या खळीशी होतो आणि घाटातून धुई चढून आली. कडा नाहीसा झाला, तरवड नाहीसा झाला, निशाणाचं धोतर तेवढं हलताना दिसत होतं. आणि कड्याच्या खालून आवाज आला. ‘बेरार!’

मी तो ऐकला. आमच्याकडे वऱ्हाडाला बेरार कुणी म्हणत नाही. सरकारी कागदावरचा शब्द तो. आवाज म्हाताऱ्याचा होता, जरासा बसलेला, आणि त्यात भीती अजिबात नव्हती. जेवायला बोलवावं तशी हाक होती. त्यामुळंच माझ्या अंगावर काटा आला. साहेबांनी कड्याकडे तोंड करून खणखणीत ओ दिला. पुन्हा हाक आली. पुन्हा ओ. मग साहेबांनी उजव्या हाताची दोन बोटं वर धरली आणि तिसरं अंगठ्याखाली दाबून उभे राहिले. रातकिडे बोलायला लागेपर्यंत आम्ही तसेच होतो.

‘चाल,’ ते शेवटी म्हणाले. ‘दोनच.’

हे म्हणताना त्यांनी सोडलेला सुस्कारा मला निराशेचा वाटला. बिचारा माणूस तिसऱ्या हाकेसाठी तळमळतोय आणि ती येत नाही, असं मी मनाशी धरलं. आयुष्यात मी पुष्कळ साक्षीदार तपासले, पण इतकं चुकीचं कुणाला वाचलं नसेन.

पुढच्या पावसाळ्यात साहेबांना अर्धांगवायू झाला. डावं अंग गेलं, जीभ जड झाली, डोकं मात्र शाबूत होतं. संध्याकाळ व्हायला लागली की खाटेवर त्यांची चुळबूळ सुरू व्हायची. एक दिवस मला जवळ बोलावून म्हणाले, ‘आता तू जात जाय. माह्याकून ओ दे. अन् हाका मोजून ये.’ नाही म्हणणं शक्यच नव्हतं. चार दिवस गेलो. आकाश मोकळं होतं, खाली दिवे लुकलुकत होते, कुणी हाक मारली नाही. तसं येऊन सांगितलं. ते मान हलवायचे आणि शांत झोपायचे.

पाचव्या दिवशी धुई आली. मी निघालो. गावाबाहेरच्या मारुतीच्या ओट्यापर्यंत आलो आणि पाय उचलेना. समोर माळ नव्हता, नुसतं पांढरं होतं. तो आवाज एकट्यानं ऐकायचा, त्याला ओ द्यायचा, हे माझ्याच्यानं होईना. अर्धा तास मी मारुतीपाशी बसून राहिलो आणि परत फिरलो. वाटेत ठरवत होतो, काय सांगायचं. म्हटलं, या माणसानं मला धंदा दिला, घरच्यासारखं वागवलं. मरणाच्या दारात पडलाय. जे ऐकायला वीस वर्षं थांबलाय ते ऐकवून टाकू. माझं काय जातं?

अक्का दिवा लावत होती. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

‘किती?’

‘तीन, साहेब,’ मी म्हणालो.

त्यांनी उजवा हात छातीवर आणला, एकेक करून तीन बोटं उघडली आणि त्यांच्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता डोळ्यांतून पाणी येईल, सुटल्यासारखं वाटेल.

‘मंग थो मास्तरच होता,’ ते म्हणाले. जड जिभेनं, पण एकेक शब्द नीट. ‘जिता होता. वीस वर्सं म्या सोताले समजावलं, का दोनच हाका आल्त्या, म्हंजे मास्तर अगुदरच गेला, मले थे भूत बोलवून राह्यलं होतं. याच्यावरच जगलो मी. रोज माळावर जाऊन पाह्यत होतो, का तिसरी त येत नाही. आता कळलं. तिसरी त्याच्या तोंडात होती. पानी शिरलं म्हून राह्यली.’

एवढं बोलून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

त्यानंतर ते दोन दिवस जगले. मला एकच वाक्य सांगायचं होतं, की साहेब, मी माळावर गेलोच नाही, मी भ्यालो. पण ते सांगितलं तर ‘काऊन नाही गेला’ म्हणून ते माझ्याकडे पाहतील, या लाजेनं मी ते सांगितलंच नाही. दोन्ही दिवस मी खाटेजवळून हललो नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा श्वास बदलला तेव्हा अक्का माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, ‘काही बोल ना रे त्याच्यासंग. त्याले आयकू येऊन राह्यलं अजून.’

मी त्यांच्या पायावरची सोलापुरी चादर नीट केली, आणि गप्प बसलो.