चंद्रावरचा पांढरा पट्टा

आमच्या लॅबमध्ये डेटा जितका साठतो ना, त्याहून जास्त किस्से साठतात. डेटाचा बॅकअप तरी असतो, किस्स्यांचा बॅकअप म्हणजे मी! त्यामुळे कोणी चहाला बसलं की मी सुरू होते.

आमचं काम थोडक्यात सांगते. हैदराबादेत एसीत बसून चंद्रावरच्या मातीत काय काय आहे याचा नकाशा करायचा. सूर्य भडकला की त्याचे क्ष-किरण चंद्रावर आदळतात आणि तिथलं मॅग्नेशियम, अॅल्युमिनियम आपापल्या परीने चमकतं. चंद्राभोवती फिरणारं आमचं यंत्र ती चमक टिपतं. सूर्य गप्प बसला की आम्हीही हात चोळत गप्प.

*

मूर्ती सर आमचे बॉस. घरी तेलुगू, लॅबमध्ये अस्सल हैदराबादी, आणि लहानमोठ्या प्रत्येकीला 'अम्मा' म्हणायचे. फर्हीन त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी. एकदा रमजान उन्हाळ्यात आला आणि सूर्य नेमका आठवडाभर शांत!

सर फर्हीनला म्हणाले, "रोज़ा है ना तेरा? दुआ कर अम्मा, सूरज थोडा भडकना!"

ती म्हणाली, "सर, अम्मी बोल्ते गर्मी कम होने की दुआ कर. मैं किस की सुनूँ?"

सरांनी तिला दुपारीच घरी पाठवलं.

*

आता माझी फजिती. नवीनच लागले होते तेव्हा. डेटा उघडला तर जिकडे तिकडे अॅल्युमिनियम! चंद्राच्या ज्या बाजूला तेव्हा रात्र होती, ऊन पोचतच नव्हतं, तिथेसुद्धा. मी धावत सरांकडे गेले. नाव होणार, फोटो छापून येणार, मनात सगळं ठरलं होतं.

सरांनी आलेख पाहिला आणि शांतपणे विचारलं, "अम्मा, अपना डब्बा काय का बना है?"

आमच्या यंत्राची पेटीच अॅल्युमिनियमची! अवकाशातले कण तिच्यावर आदळत होते आणि तीच चमकत होती. पुढे महिनाभर जो तो जेवताना टिफिन वर करून ओरडायचा, "मॅडम, अॅल्युमिनियम मिला!"

*

एकदा नकाशा घरी लॅपटॉपवर उघडला होता. आम्ही तारनाक्याला राहतो, सासूबाई आमच्याकडेच असतात. जिथे अॅल्युमिनियम जास्त तिथे आम्ही लाल रंग दिला होता.

"अगं बाई, चंद्राला गोवर आलाय का?" सासूबाई म्हणाल्या. मग चष्मा सावरून अजून जवळ आल्या. "आणि हा पांढरा पट्टा? इथे औषध लावलंय होय?"

मी हे लॅबमध्ये सांगितलं. सगळे हसले, सरही हसले, पण जरा कमीच. तो पट्टा म्हणजे त्यांचं दुखणं होतं. यंत्र त्या भागावरून जायचं तेव्हा सूर्य हमखास निवांत असायचा. बाकी सगळा नकाशा रंगला, तेवढाच कोरा राहिला. सरांना तो पुरा बघायचा होता, आणि त्या महिनाअखेरीस ते रिटायर होणार होते.

*

फर्हीनला राहवेना. तिने आजूबाजूच्या आकड्यांवरून कॉम्प्युटरकडून तो पट्टा भरून घेतला, छानपैकी मोठा प्रिंट काढला आणि सरांच्या टेबलावर ठेवला. फेअरवेलचं गिफ्ट!

सर बराच वेळ बघत राहिले. "बहुत अच्छा दिख रा," म्हणाले. मग ड्रॉवरमधून व्हाइटनर काढला आणि अख्खा पट्टा पुन्हा पांढरा केला.

"दिख रा अच्छा. मगर देखा किसने?"

फर्हीन रडली हो. मला त्या दिवशी सरांचा भयंकर राग आला. पोरीने इतकं मनापासून केलं होतं! संध्याकाळी पाहिलं तर दोघं कॅन्टीनमध्ये चहा पीत होते आणि सर तिला समोसा सरकवत होते. मग माझा राग गेला.

*

शेवटचा दिवस. सभागृहात शाल, हार, मोठ्या साहेबांचं भाषण. "मूर्तीसाहेबांची उणीव..." इतक्यात आमचे सगळ्यांचे फोन एकदम वाजले. सूर्य भडकला होता! फर्हीनने यंत्राचा मार्ग पाहिला आणि किंचाळली, "सर, पट्टेइच पे है!"

आमची अख्खी रांग उठून पळाली. सगळ्यात पुढे सत्कारमूर्ती, गळ्यात हार! साहेब माइक धरून बघत राहिले.

पण डेटा दुसऱ्या दिवशी येणार होता, आणि सरांचं ओळखपत्र संध्याकाळी जमा झालं.

दुसऱ्या दिवशी सर पाहुणे म्हणून आले. गेटवरच्या मल्लेशनी इतकी वर्षं सॅल्यूट ठोकला होता. त्यांनी बिचाऱ्यांनी ओशाळून रजिस्टर पुढे केलं. सरांनी नाव, येण्याची वेळ, सगळं नीट लिहिलं.

पट्टा भरला. हळूहळू, एकेक चौकोन. निघालं काय? शेजारी होतं तेच! नवीन काही नाही. फर्हीन तरी टाळ्या पिटत होती, माझेही डोळे भरून आले. सर खुर्चीत मागे टेकले, चहा संपवला, "अच्छा, चलता हूँ," म्हणाले आणि निघाले.

मी गेटपर्यंत गेले. सरांनी स्कूटर सुरू केली.

मल्लेश रजिस्टर घेऊन मागे धावले, "सर! जाने का टाइम लिखना!"

"रहने दे," सर हात हलवत म्हणाले आणि वळणावरून दिसेनासे झाले.

मल्लेश रजिस्टरकडे बघत उभे राहिले. मग मला म्हणाले, "मॅडम, इस में तो सर अंदरीच हैं."