पाणी दळणारे मिक्सर

मी मिक्सर जाळला नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण आमच्याकडे पाहुणे आले आणि विषय निघाला की गोष्ट अजून "हिनं मिक्सर जाळला तेव्हा" अशीच सुरू होते. मिक्सर जळाला हे खरं. माझ्या हाताखाली जळाला हेही खरं. पण चूक माझी नव्हती. तेव्हाही मी हेच म्हणत होते आणि कुणी ऐकत नव्हतं.

आम्ही सेलूचे. मुलीचं लग्न ठरलं होतं, सासर गंगाखेडचं. आमच्याकडे मुलीबरोबर रुखवतात येसर द्यायची पद्धत आहे. गहू, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं, दगडफूल, हळकुंड, असं एकेक वेगळं भाजायचं आणि मग एकत्र कोरडं दळायचं. मूठभर येसर आमटीत पडलं की चार घरांपलीकडे वास जातो. सासरच्या बायका रुखवतातले लाडू, करंज्या बघतात आणि सोडून देतात. येसराच्या डब्याचं झाकण मात्र उघडून वास घेतातच, बोटांवर चोळूनही बघतात. भरड निघालं तर तोंडानं काही बोलत नाहीत, नुसत्या एकमेकींकडे बघतात. माझ्या वेळी बघितलं होतं, ते मी विसरलेले नाही. माझ्या मुलीच्या वेळी कुणी तसं बघता कामा नये, एवढंच माझं म्हणणं होतं.

मसाला कांडायचा डंक बाजारात आहे, पण तिथे आपल्या आधीच्या गिऱ्हाइकाची मिरची आपल्या येसरात उतरते. म्हणून येसर घरीच दळायचं. आणि घरचा जुना मिक्सर त्याच महिन्यात कायमचा बसला.

नवा कोणता घ्यायचा हे मुलानं ठरवलं. तो पुण्याला कॉम्प्युटरवर नोकरी करतो आणि वाचल्याशिवाय चप्पलसुद्धा घेत नाही. घरच्या वापराच्या वस्तू तपासून त्यांना नंबर लावणारं एक मासिक आहे, ते तो मोबाइलवर वाचतो. फ्रिज, पंखा, कुकर, सगळ्यांचे नंबर त्याला तोंडपाठ. त्यानं मिक्सरचा लेख मला पाठवला आणि म्हणाला, "आई, हे बघ, हा एक नंबर. डोळे झाकून घ्यायचा."

मी डोळे उघडे ठेवून लेख वाचला. मला वाचता येत नाही, असं कुणी समजू नये. लेख चांगला होता. इडलीचं पीठ किती मऊ झालं, ओल्या नारळाची चटणी कशी झाली, संत्र्याचा रस किती निघाला, सगळं मापून लिहिलं होतं. आवाज मोजला होता. वायरची लांबी मोजली होती. कोणता मिक्सर ओट्यावर देखणा दिसतो याचेसुद्धा गुण होते. कोरडं दळण म्हणून थोडेसे धने आणि पिठीसाखर. मी मुलाला विचारलं, "यात हळकुंड कुठंय? खोबरं कुठंय?" तो हसला. म्हणाला, "धने झाले म्हणजे सगळं होतं गं."

मिक्सर आला. खोटं कशाला बोलू, पहिले काही दिवस मी त्याच्यावर खूश होते. इडलीचं पीठ लोण्यासारखं व्हायचं. आवाज इतका कमी की बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवावा लागत नव्हता. शेजारणींना मी स्वतः बोलावून दाखवला.

मग येसराचा दिवस आला. भाजणं सकाळीच उरकलं होतं. हळकुंडं तेलात तळून खलबत्त्यात फोडून घेतली होती. मी भांडं अर्ध्याच्या वर भरलं नाही, मधून मधून थांबले, भांड्याला हात लावून बघत होते. मुलगी परातीत चाळत बसली होती. अर्धं येसर झालं असेल, तोच मिक्सर घरघरला आणि थांबला. खालचं लाल बटण दाबलं, पुन्हा चालू झाला आणि दुसऱ्याच क्षणी रबर जळाल्याचा वास सगळ्या घरात भरला. येसराचा वास त्याखाली बुडाला. मुलीनं खिडक्या उघडल्या. तिच्या डोळ्यांत जे होतं ते मला सहन झालं नाही.

कंपनीचा माणूस परभणीहून आला. त्यानं मिक्सर उलटा केला, वास घेतला आणि विचारलं, "मॅडम, यात कोरडं काय दळलं?"

"येसर."

"कोरडं लय झालं मॅडम. वॉरंटीत बसत नाही हे. मशीनमधी काय बी दोष न्हाई. वापरण्यात चूक हाय."

"मंग येसर काय पाणी घालून दळू का?"

तो हसला. त्याच्या हाताखाली मिक्सरचं पुस्तक होतं, त्यातला एक परिच्छेद त्यानं मला बोट ठेवून दाखवला. मी म्हटलं, "हे ज्यानं लिहिलं त्याच्या घरी येसर होत असतं का?" त्यानं पुस्तक मिटलं. तो तरी बिचारा काय करणार.

संध्याकाळी मुलाचा फोन. सगळं ऐकून म्हणाला, "आई, तू जास्त भरलं असशील. एवढ्या लोकांनी तपासलेला मिक्सर आहे, तो असाच कसा जळेल? वापरायला चुकली असशील."

मी फोन ठेवून दिला आणि रडले. दुःखानं नाही, संतापानं. तो शाळेत डब्यात दाण्याची चटणी न्यायचा, जवसाची, कारळाची न्यायचा, ती कुणी दळली होती? उभं आयुष्य ज्या ओट्यापाशी गेलं तिथे मला वापरता येत नाही, आणि ज्यानं माझा ओटा कधी पाहिला नाही त्याला येतं. एक नंबर कधी चुकत नाही, आई चुकते.

नवऱ्यानंही मुलाचीच री ओढली. "छापून आलंय म्हणल्यावर उगीच आलंय का? तपासल्याबिगर कोण नंबर देतंय?"

माझा नवरा जिनिंगवर कापूस पारखायचं काम करतो. सेलूच्या बाजारात कापसाची गाडी आली की तो वरचा कापूस बघतसुद्धा नाही. खांद्यापर्यंत हात गाडीच्या पोटात घालतो, आतली मूठ ओढून काढतो, धागा ताणून बघतो, मग बोलतो. वरचा कापूस पांढराशुभ्र असतोच. ओला, किडका असतो तो खाली.

मी म्हटलं, "उद्या एखाद्यानं गाडीला एक नंबरचा कागद चिकटवून आणला, तर तुमी कागद वाचून भाव करता का?"

"कागद वाचून? येड लागलंय का?"

"मंग मला कशाला कागद वाचून दाखवायलाव?"

मग तो म्हणाला, "सकाळी दुकानात जाऊ."

सकाळी मी उरलेलं भाजलेलं येसर डब्यात भरलं, वरून फोडलेली हळकुंडं टाकली आणि दुकानात गेले. नवरा दुकानाबाहेर गाडीवरच बसून राहिला, ही बाई आपल्याबरोबर नाही असा चेहरा करून. काउंटरवर डबा ठेवून मी दुकानदाराला म्हटलं, "हे दळून दाखवा. जे मशीन दळंल ते घेते."

"ताई, असं न्हाई करता येत. डेमो फक्त पाण्याचा असतो. पाणी टाकून फिरवून दाखवतो की."

"पाणी दळायला मिक्सर कशाला लागतंय?"

दुकानात पाथरीच्या दोन बायका कुकर बघत उभ्या होत्या. त्यांनी कुकर खाली ठेवले. एक म्हणाली, "दाखवा की हो दळून. आमाला बी बघायचंय." दुसरीनं तर डब्याचं झाकण उघडून वास घेतला आणि मान डोलावली. दुकानदारानं कपाळावरचा घाम पुसला. आधी त्यानं एका मिक्सरबरोबर इस्त्री फुकट आहे असं सांगून बघितलं. मी म्हटलं, "इस्त्रीनं येसर दळतंय का?" मग मात्र त्यानं शोकेसमधले मिक्सर काढले.

पहिला तापला आणि आपणहून बंद पडला. दुसऱ्याचं झाकण उडालं. सगळं दुकान शिंकायला लागलं, दुकानदार शिंकला, त्या दोघी पदर तोंडाला लावून हसत हसत शिंकल्या, आणि बाहेर माझ्या नवऱ्यानं गाडी जरा लांब नेऊन लावली. तिसरा एक बोजड, जुन्या धाटणीचा होता. दुकानदार म्हणाला, "हे लय आवाज करतंय ताई. कुणी घेत न्हाई."

"माझ्या कानाची काळजी तुमी करू नका. लावा."

आवाज खरोखर भयानक होता. रस्त्यावरचे लोक वळून बघायला लागले. पण भांडं उघडलं तेव्हा मी ते पीठ बोटांवर चोळलं, आणि पाथरीच्या दोघींनीही चोळलं. कुणी कुणाकडे बघितलं नाही. मी तो घेतला. घरी येऊन मासिकात शोधला, तर यादीच्या अगदी तळाशी होता. कारण लिहिलं होतं: आवाज जास्त, दिसायला जुना.

त्या मासिकवाल्यांनी खोटं लिहिलं असं मी म्हणत नाही. त्यांनी जे दळलं ते खरंच दळलं असेल, जे मोजलं ते खरंच मोजलं असेल. पण ते त्यांच्या ओट्यावर, त्यांच्या जेवणासाठी. माझं जेवण त्यांच्या तक्त्यात नव्हतं, आणि जे तक्त्यात नाही ते जगातच नाही असं मी का मानावं? आणि दुकानदारावर ठेवावा विश्वास म्हटलं, तर त्याला फुकटची इस्त्री संपवायची असते. शेजारणींना विचारावं, तर प्रत्येकीनं घेतलेली वस्तू प्रत्येकीला चांगलीच वाटते, कारण फसले असं कोण सांगतं? छापलेलं वाचावं, सगळ्यांचं ऐकावं, त्यात काही वाईट नाही. पण शेवटी गाडीच्या पोटात हात आपलाच घालावा लागतो.

येसर लग्नाला वेळेवर गेलं. गंगाखेडच्या बायकांनी डबा उघडला, पीठ चोळलं आणि मुलीच्या सासूनं मला, येसर कसं करता म्हणून विचारलं. मी सांगितलं, मिक्सरसकट.

मुलगा लग्नाला आला होता, पण त्या विषयावर आम्ही बोललो नाही. मीही काढला नाही. मला वाटत होतं की माझं चुकलं असं तो म्हणेल, आणि तो म्हणाला नाही.

मग या उन्हाळ्यात त्याचा फोन आला. पुण्यातला त्याचा मिक्सर गेला होता. "आई, कोणता घेऊ? तुझ्यासारखाच घेतो."

"माझा घेऊ नको. माझ्यावर कशाला विश्वास ठेवतोस? तू काय दळतोस?"

तो विचारात पडला. म्हणाला, "दाण्याची चटणी. कारळाची. तू पाठवतेस ती पुरत नाही."

"मग दाणे आणि कारळं भाजून घे, डब्यात भर आणि दुकानात जा."

तो हसला. मला वाटलं, नाही जायचा. पण रविवारी दुपारी फोन वाजला, मागे मोठ्या दुकानातलं गाणं चालू होतं. "आई, हे दळू देत नाहीत. पाणी टाकून दाखवतो म्हणतात." मागून विक्रेत्याचा गोड आवाज आला, "सर, मशीनला काही होत नाही. बिघाड झाला तर वापरणाऱ्याचीच चूक असते."

नुसतं ते गाणं ऐकू येत राहिलं.

मग तो हळू आवाजात म्हणाला, "आई, त्या दिवशी तुझी चूक नव्हती."

"मला तवाच माहीत होतं," मी म्हटलं. "डबा उचल आणि पुढच्या दुकानात जा."