नळ आला की नेट जातं

अकोल्यात त्या दिवशी नळ आला होता, म्हणून रागिणी सकाळपासून उभीच होती. पिंप भरले, टाकी भरली आणि शेवटी पाइप समोरच्या खोलीतल्या लोखंडी कूलरमध्ये सोडून तोही काठोकाठ भरून घेतला. बारा वाजता तिचा तास होता. मध्येच सासऱ्यांनी ‘हवा गरम येऊन राहिली’ म्हणून हाक मारू नये, याची ती तजवीज.

तास लॅपटॉपवरचा. जिथं ती गणित शिकवायची ती खासगी शाळा बंद पडली आणि पुण्याच्या एका ऑनलाइन शिकवणीनं तिला महिनाभर अजमावून पाहायचं ठरवलं. शिकवण्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. तक्रार होती ती मध्येच गायब होण्याबद्दल. दोन तास असे बुडाल्यावर तिकडच्या निधी मॅडमनी शांत आवाजात सांगितलं होतं, “गुरुवारचा तास मी स्वतः बसून बघणार आहे. तो तुटला, तर आपल्याला इथंच थांबावं लागेल.”

आज गुरुवार होता.

साडेअकराला तिनं मागच्या खोलीत लॅपटॉप उघडला. डोक्यावर पत्रे, भिंतीला खिळ्यांनी ठोकलेला फळा. कोपऱ्यातली वायफायची खूण भरली, अर्धी झाली, पुसली गेली, पुन्हा आली. रागिणीनं गेल्या पंधरवड्यात करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. ड्रायव्हर नवे केले, नेटवर्क विसरायला लावून पासवर्ड पुन्हा टाकला, बॅटरी वाचवायची सेटिंग काढली, चॅनेल बदलला. वायर जोडावी तर या सडपातळ लॅपटॉपला वायरीचं भोकच नाही. मोबाइलला या खोलीत जेमतेम एक काडी. समोरच्या खोलीत बसावं तर कूलरच्या घरघरीत मुलांना तिचा शब्द कळत नसे.

तिनं नवऱ्याला फोन लावला. गजेंद्र अमरावतीला नोकरीला होता, रोज रेल्वेनं जा-ये करायचा.

“राऊटर बंद करून चालू केलं का?”

“केलं. दुसरं सांगा.”

“मंग लॅपटॉपच गेला असन.”

“शेजारच्या दामिनीचा आणून पाहिला ना परवा. तोही असाच करते.”

“काल तं चांगलं चालू होतं म्हणे.”

“काल दिवसभर चाललं.”

“मंग आज काय येगळं केलं तू?”

“मी काय करन? मी तं सकायपासून पाणीच भरून राहिली...”

ती बोलता बोलता थांबली. पलीकडून गजेंद्र “हॅलो, हॅलो” करत राहिला. बुडालेले दोन्ही तास नळाच्या दिवशीचे होते. दोन्ही वेळा तिनं तासाच्या आधी कूलर भरला होता. काल कूलरमधलं पाणी तळाला गेलं होतं.

ती समोरच्या खोलीत आली. एप्रिलमध्ये कपाटावरचं राऊटर तापून बंद पडायचं, म्हणून गजेंद्रनं ते खाली आणून कूलरच्या मागं, अगदी टाकीच्या उंचीला, भिंतीत स्क्रूनं पक्कं केलं होतं. तिथं ते गार राहिलं. पण ते आणि मागची खोली यांच्या मध्ये आता लोखंडाचा पत्रा आणि टाकीभर पाणी उभं होतं.

कूलरसमोर पलंगावर तिचे सासरे खुशालराव पडले होते. मागच्या मे महिन्यात ऊन लागून त्यांना दवाखान्यात भरती करावं लागलं होतं. दुपारी कूलरसमोरून हलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

“मामाजी, कूलरचं पाणी सोडावं लागते.”

“काहून?”

“त्याच्यानं नेट अडून राहिलं.”

“पाण्यानं नेट अडते? शिकलेली हायस ना व तू?”

“मले वाटते, अडते. खात्री करत बसाले टाइम नाही.”

“मंग ते डबडं काढ ना तिथून.”

“त्याची फायबरची वायर आतून काचेची हाय. मुडपली तं आजचा दिवस गेला. अन् यायनं स्क्रू असे पिळले का निघत नाहीत.”

“त्याले कोनं सांगतली होती कारागिरी!” म्हातारा उठून बसला. “अंगणात सांडू नको. चार दिवस नळ नाही. बादल्या लाव. अन् पंपाचं बटण बंद कर, जळन तो. पंखा राहू दे.”

तिनं ओला पंचा त्यांच्या डोक्यावर टाकला, रिकाम्या बादल्या ओळीनं मांडल्या, खालचं बूच उपसलं आणि मागं येऊन दार लावून घेतलं. बारा वाजत आले होते.

तास सुरू झाला. एका चौकटीत निधी मॅडम, बाकीच्यांत मुलं. रागिणीनं फळ्यावर समीकरण मांडलं आणि वळून पाहते तो निधी मॅडमचा चेहरा अर्ध्या शब्दावर गोठलेला. खडू हातात घट्ट धरून ती बघत राहिली. चेहरा हलला.

“आवाज येतोय, रागिणी मॅडम. चालू द्या.”

ती शिकवत राहिली. दाराआडून पत्र्याच्या बादलीची फरफट ऐकू आली. म्हणजे मामाजी उठले होते. पुन्हा फरफट. पुन्हा एकदा. वायफायची खूण भरली आणि भरलेलीच राहिली. मग बादल्यांचा आवाज थांबला. पंखा तेवढा घरघरत होता. बाहेर पंचेचाळीसचं ऊन, कूलर कोरडा, आणि आत ऐंशी ओलांडलेला माणूस. एका मुलीनं शंका विचारली, रागिणीनं ती सोडवली. दुसऱ्यानं विचारली, तीही सोडवली. कान दाराकडे होते, त्या बाजूनं काहीच येत नव्हतं.

मुलं गेल्यावर निधी मॅडम एकट्या उरल्या. फळ्यावरचं अक्षर, प्रश्न विचारायची पद्धत, सगळं त्या सविस्तर बोलल्या. मध्येच ‘एक मिनिट’ म्हणून उठता आलं असतं. रागिणी उठली नाही. “सोमवारपासून नियमित या,” हे ऐकून, आभार मानून, मगच तिनं लॅपटॉप मिटला आणि धावली.

पलंग रिकामा होता. खुशालराव मोरीच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. दोन्ही पाय भरल्या बादलीत, पंचा पुन्हा भिजवून डोक्यावर घेतलेला, चेहरा लालबुंद.

“मामाजी!”

“बह्यरा नाही झालो मी. भेटली का नोकरी?”

“भेटली.”

“मंग उभी काहून? बूच लाव अन् पाणी टाक कूलरमंदी. ही बादली राहू दे, हिच्यात पाय हायेत माये.”

तिनं बूच लावलं आणि पहिली बादली उचलली. घाईत अर्धं पाणी फरशीवर सांडलं. बादल्यांचा आवाज थांबल्यावर ती बघायला का आली नाही, हे त्यांनी विचारलं नाही. तिनं दुसरी बादली उचलली.