बंदूक बाबांची, काडतुसं आईची

आमच्या घरात एकच बंदूक होती आणि तिचे मालक दोन होते. बंदूक बाबांची आणि काडतुसं आईची. परवान्यावर अर्थातच एकट्या बाबांचं नाव होतं. पीकसंरक्षणासाठी दिलेली एकनळी बंदूक. पण बाबांचा राग असा की बांधावरून दोन शब्द झाले तरी त्यांचे हात शिवशिवायचे. म्हणून बंदूक घरात आली त्याच दिवशी आईनं काडतुसं स्वतःच्या पेटीत टाकली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. रानडुकरं धानात उतरली की बाबा अंगणातून ओरडायचे, "काडतूस दे!" आई आधी विचारायची, "कोणाशी भांडून आले का?" मग त्यांचं तोंड नीट न्याहाळायची आणि मगच पेटी उघडायची. इतक्या वर्षांत बाबांनी एक जनावर मारलं नाही. हवेत बार काढायचा, डुकरं पळायची, काम झालं.

बाबा सत्तरीच्या पुढे गेले आणि त्यांचे हात थरथरायला लागले. परवाना वारसाच्या नावावर झाला नाही, तर बंदूक ठाण्यात जमा होणार आणि परत येणार नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. आमच्या शेताला दोन बाजूंनी जंगल आहे. फटाके फोडून पाहिले, डबे वाजवून पाहिले. डुकरांना दोन्हीची सवय झाली. बंदूक गेली की धान गेलं, इतकं ते सरळ होतं.

वारस म्हणजे भाऊ, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. भाऊ गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात. शेतात त्याचा पाय पोळ्याला लागायचा, तोही चप्पल घालून. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून मी माहेरी आले त्याला बारा वर्षं झाली होती आणि तेव्हापासून नांगरटीपासून मळणीपर्यंत सगळं मीच पाहत होते. मी म्हटलं, अर्ज मी करणार.

भावाचा फोन आला. "बाईमाणसाच्या नावानं बंदूक? लोकं काय म्हणतीन?"

"लोकाईचं राहू दे. डुकरं काय म्हणतात ते एक दिवस येऊन ऐक," मी म्हटलं. त्यानं फोन ठेवून दिला.

वडील सत्तरीच्या पुढे असले की त्यांच्या हयातीतच वारसाला परवाना मागता येतो. गावातल्या बाया मला अजून विचारतात की काय काय लागलं, म्हणून सांगते. अर्ज, फोटो, आधार, सातबारा, बाबांचा जुना परवाना आणि त्यांची संमती, सरकारी डॉक्टरचा दाखला, बंदूक नीट हाताळता येते याचं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत. मग पोलिसांची चौकशी, आणि त्यानंतर फाईल चंद्रपूरला कलेक्टर ऑफिसात. एका रकान्यात विचारलं होतं, शस्त्र कुठे बाळगणार? लोक खिशात पिस्तूल लपवून फिरायचा परवाना मागत असतील. आमची एकनळी माझ्या छातीला लागते, ती मी कुठे लपवणार! मी लिहिलं, शेतात आणि घरात.

चौकशीला शिपाई आला. खाटेवर बसला, आईनं चहा दिला. त्यानं विचारलं, "बंदूक कुठी ठेवता?"

शहाण्या माणसानं अशा वेळी कपाटाचं नाव घेतलं असतं. आई अभिमानानं म्हणाली, "ढोलीत. धानात खुपसून ठेवली का पावसाळाभर जंग लागत नाई." आमच्याकडे धान साठवायची बांबूची ढोली असते, शेणानं सारवलेली, माणसाहून उंच. आईनं त्याला ती हात धरून नेऊन दाखवलीसुद्धा.

"कुलूप?"

"ढोलीले कोणी कुलूप लावते का, भाऊ?"

शिपायाचं लिहिणं थांबलं. मग तो माझ्याकडे वळला. "जावई कुठी आहेत? घरात माणूस नाई का कोणी?"

"मंग मी कोण आहो?" माझा आवाज चढला. "बंदूक काय मिशीनं चालते का?"

त्यानं चहा संपवला आणि तो गेला. महिन्याभरानं सुनावणीचं पत्र आलं तेव्हा कळलं, त्यानं दोन शेरे मारले होते. शस्त्र ठेवण्याची जागा असुरक्षित. अर्जदार तापट.

मला लाज वाटली आणि लाजेहून जास्त भीती वाटली. बारा वर्षांची मेहनत मी एका वाक्यात घालवली होती. आई दोन दिवस ढोलीकडे बघायलाच तयार नव्हती. बाबा तेवढे शांत होते. म्हणाले, "त्यानं विचारलं, आपण खरं सांगतलं. तो काऊन खोटं लिहीन?"

त्या रविवारी भाऊ आला. छोट्या गाडीत लोखंडी कपाट घालून आला. आईनं त्याला फोनवर मिशीचं सांगितलं होतं आणि तो म्हणे कारखान्याच्या गेटापर्यंत हसत गेला. कपाट त्यानं स्वतः भिंतीत बोल्ट मारून बसवलं. ना-हरकतीवर सही केली आणि कागद माझ्या हातात देत म्हणाला, "तिथी तरी भांडू नको. तापट आहे का विचारलं तर नाई म्हण."

चंद्रपूरला सुनावणीत कलेक्टर साहेबांनी पहिल्यांदा तेच विचारलं. "शेरा आहे इथे. तापट आहात?"

भावाचं पाठ केलेलं उत्तर जिभेवर होतं. पण समोर तो शिपायाचा कागद होता आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. मी म्हटलं, "हो साहेब. बाबांवर गेले." आणि मग पेटीची, किल्लीची सगळी गोष्ट सांगून टाकली.

त्यांनी बाहेर बाकावर बसलेल्या आईला आत बोलावलं. "मुलीनं काडतूस मागितलं तर द्याल?"

"पहिले तोंड पाहीन," आई म्हणाली.

साहेबांनी चष्मा काढला. "गोळ्या वेगळ्या कुलपात ठेवा, हे लोकांना सांगून सांगून आम्ही थकलो," ते म्हणाले आणि फाईल पुढे ओढली.

काही आठवड्यांनी परवाना माझ्या नावानं झाला आणि तो घ्यायला मी चंद्रपूरला गेले. फोटोत मी चोरासारखी दिसते, पण नाव माझं होतं. परतीच्या एसटीत मी तो चारदा उघडला आणि शेजारच्या अनोळखी बाईला तिनं न विचारता दाखवला. जिंकले होते मी! गावच्या फाट्यावर उतरले तेव्हा पाय जमिनीला टेकत नव्हते.

त्याच आठवड्यात, दिवस मावळता मावळता डुकरं उतरली. मी कपाट उघडलं, बंदूक घेतली आणि अंगणातून ओरडले, "काडतूस दे!"

आई पेटीजवळ उभी राहिली. "कोणाशी भांडून आली का?"

"नाई."

"इकडं पाह्य."

तिनं माझं तोंड पाहिलं. चांगला वेळ घेऊन पाहिलं, बाबांचं पाहायची तसंच. मग कुलूप उघडलं आणि दोन काडतुसं माझ्या हातावर ठेवली. माझे डोळे भरून आले, पण तेवढ्यात डुकरं धानाच्या बांधीत अर्ध्यापर्यंत शिरली होती.

एकच बार काढला. कळप जंगलाकडे असा सुटला की मी एकटीच बांधावर उभी राहून मोठ्यानं हसले.

घरी आले तर बाबा खाटेवर उठून बसलेले. "कोणाचा बार होता?" त्यांनी आईला विचारलं, माहीत असून.

"जिची बंदूक आहे तिचा," आई म्हणाली आणि माझ्यापुढे हात पसरला. "उरलेलं दे इकडं."

मी मुकाट्यानं काडतूस दिलं.